पुसू नये

बाईंना मुख्याध्यापिका केलं त्या दिवशी अख्ख्या शाळेनं टाळ्या वाजवल्या आणि बाईंना वाईट वाटलं. हे कोणाला सांगायची सोय नव्हती. बढती मिळालेल्या माणसानं आनंदी दिसायचं असतं, तसा शिरस्ताच आहे. जुने सर निवृत्त झाले आणि जाताना किल्ल्यांचा भलामोठा जुडगा बाईंच्या हातात ठेवत म्हणाले, "यातली निम्मी कुलपं आता शाळेत नाहीतच. पण जुडगा टाकू नका. हातात वजन दिसलं की लोक ऐकतात." सगळे हसले, बाईही हसल्या. पण हसताना त्यांची नजर व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला गेली होती. त्या टोकाला दहावीचा वर्ग होता.

गणित चांगलं शिकवतात म्हणून माणसाला मोठं करायचं आणि मोठं केल्यावर गणित शिकवायला त्याच्याकडे वेळच उरू द्यायचा नाही, असा शाळांचा कारभार वर्षानुवर्षं चालत आला आहे. त्यात कोणाला काही चुकतंय असं वाटतही नाही. बाईंना मात्र वाटलं. हा दहावीचा वर्ग त्यांनी पाचवीपासून हाताखाली वाढवला होता. दर वर्षी त्या जुन्या सरांकडे हट्ट धरायच्या, "मुलं वर चढली, मीही चढणार," आणि सर दर वर्षी हो म्हणायचे. कोणाचा सात एकासारखा दिसतो, कोण वजाबाकीला घाबरतं, कोण उत्तर आधी पाहून मग पायऱ्या रचतं, हे बाईंना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं.

आणि त्यात ती मुलगी होती, जिला वर्ग 'कुलूप' म्हणायचा. पाचवीचं अख्खं वर्ष तिनं तोंड उघडलं नव्हतं. हजेरीलाही नुसता हात वर करायची. बाईंनी तिला बोलायला लावायचा नाद सोडला आणि सरळ खडू दिला. "बोलू नकोस, नुसतं कर." ती करायला लागली. दाबून लिहायची, बरोबरीचं चिन्ह काढताना खडू असा किंचाळायचा की पुढच्या बाकावरचे कानांवर हात ठेवायचे. मग एक दिवस बाई स्वतः फळ्यावर गणित सोडवत असताना मागून बारीक आवाज आला, "चुकलं, बाई." खरंच चुकलं होतं. बाईंना आपल्या चुकीचा इतका आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता.

शाळेत सगळे आता त्यांना 'मोठ्या बाई' म्हणायला लागले. शिपाई मामा, नवे शिक्षक, पालक, कालपर्यंत नावानं हाक मारणाऱ्या भूगोलाच्या मॅडमसुद्धा. फक्त दहावीनं आपला हेका सोडला नाही. त्यांच्यासाठी त्या नुसत्या 'बाई'च राहिल्या. त्याचं बाईंना मनातून फार कौतुक होतं, आणि ते त्यांनी कोणाला कळू दिलं नाही.

वेळापत्रक करायचं काम आता बाईंचं होतं. ते त्यांनी घरी, जेवणाच्या टेबलावर बसून केलं. समोर त्यांचे यजमान उद्याचा गणवेश इस्त्री करत होते. ते बस चालवायचे. बाईंनी एकेक चौकट भरत आणली. दहावीचं गणित मात्र त्यांनी सगळ्यात आधीच भरून टाकलं होतं, स्वतःच्या नावानं.

"मुख्याध्यापकांनी एवढे तास घ्यायचे असतात?" यजमानांनी विचारलं.

"नसतात. पण घेऊ नयेत असं कुठं लिहिलेलंही नाही."

"आणि तो तुमचा तरुण मास्तर? गणिताचा?"

"छोटे सर? त्यांना सातवी-आठवी दिलीय. अजून कोवळे आहेत."

यजमानांनी कॉलर उलटी केली आणि तिच्यावर इस्त्री दाबली. "मी गाडी चालवतो तेव्हा तिकिटं फाडायला जात नाही हं."

"तुमची गाडी तुमच्याकडे डोळे लावून बसत नाही," बाई म्हणाल्या. तो विषय तिथंच मिटला. म्हणजे बाईंनी मिटवला.

मग शाळा सुरू झाली आणि तिच्याबरोबर 'आलेच' सुरू झालं.

बाई दहावीवर जायच्या, खडू हातात घ्यायच्या, आवाज लागायचा, मुलांचे चेहरे उजळायचे, आणि दारात मामा. "मोठ्या बाई, टाकी वाहतेय." "मोठ्या बाई, वरच्या ऑफिसचा फोन आहे, थांबतो म्हणाले." "मोठ्या बाई, सहावीतल्या दोघांनी एकमेकांचे दात पाडलेत." मामांचा काही दोष नव्हता. शाळा म्हटलं की ह्या गोष्टी होणारच, आणि त्या मुख्याध्यापकांपर्यंत जाणारच. बाई खडू खाली ठेवायच्या, मुलांकडे वळून म्हणायच्या, "आलेच," आणि जायच्या. त्या खोटं बोलत नव्हत्या. प्रत्येक वेळी त्यांना खरंच वाटायचं की आपण लगेच परत येणार. पण टाकीनंतर फोन यायचा, फोननंतर पालक यायचे, आणि बाई धावत परत यायच्या तोवर तास संपल्याची घंटा झालेली असायची.

पहिल्यांदा असं झालं तेव्हा फळ्यावर वर्तुळाचं एक गणित अर्धं राहिलं होतं. पुढच्या तासाला भूगोलाच्या मॅडम आल्या आणि त्यांनी डस्टर उचललं. वर्गानं एकच गिल्ला केला. "मॅडम, नको! बाई येणारेत!" एकानं उठून त्या अर्ध्या गणिताभोवती चौकट आखली आणि वर लिहिलं, 'पुसू नये'. नकाशाचा खिळा नेमका त्या चौकटीच्या डोक्यावर होता. मॅडमनी कुरकुरत नकाशा अर्धाच उलगडला, त्यामुळे त्या दिवशी दक्षिण गोलार्ध राहूनच गेला.

मॅडमनी तक्रार केली तेव्हा बाईंनी रागावल्याचा आव आणला. पण मधल्या सुट्टीत त्या मुद्दाम तिकडून गेल्या आणि खिडकीतून ती चौकट बघून आल्या. आपल्यासाठी कोणी जागा राखून ठेवतं, ह्यासारखं सुख नाही. त्यात काही वाईट असू शकतं, हे त्या सुखात कोणाच्या लक्षात येतं?

बघता बघता त्या चौकटीची रीतच पडली. बाई गेल्या की मुलं चौकट आखायची, वहीत तेवढं उतरवून घ्यायची आणि खाली लिहायची, 'पुढचं बाई आल्यावर'. दोन बोटं जागा सोडायची. दुसऱ्या दिवशी बाई घाईघाईनं ते गणित उरकायच्या किंवा म्हणायच्या, "हे तुम्हाला येईलच, पुढचं घेऊ," आणि पुढचं घेता घेता दारात मामा. मधल्या काळात बदली शिक्षक यायचे, ते हवापाण्याच्या गप्पा मारायचे. छोटे सर एकदा आले होते. त्यांनी ते गणित पुढं न्यायचा प्रयत्न केला तर वर्ग म्हणाला, "सर, आमच्या बाईंची पद्धत वेगळी आहे." सरांनी बिचाऱ्यांनी खडू खाली ठेवला.

पहिल्या सत्राची परीक्षा झाली. बाईंनी दहावीचे पेपर घरी आणले आणि संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर तपासायला बसल्या. पहिला पेपर बघून त्यांना वाटलं, पोराला वेळ पुरला नसेल. दुसराही तसाच. तिसरा बघितल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. सगळ्यांची सुरुवात अशी देखणी होती की बघत राहावं. दिलेली माहिती नीट मांडलेली, समीकरण बरोबर, पहिल्या दोन पायऱ्या बाईंच्याच वळणाच्या. आणि मग पुढे काही नाही. शेवट कोणालाच येत नव्हता. ज्या जागी बाई खडू ठेवून गेल्या होत्या, नेमक्या त्या जागी सगळा वर्ग थांबला होता.

कुलूपचा पेपर त्यांनी मागे ठेवला होता, तोंड गोड व्हावं म्हणून. तिनंही तिसऱ्या प्रश्नात समीकरण मांडलं होतं. त्याखाली तिच्या दाबून लिहिलेल्या अक्षरात होतं, 'पुढचं बाई आल्यावर.' आणि त्याखाली दोन बोटं जागा सोडलेली.

खोडसाळपणा करणारी ती मुलगी नव्हती. सत्रभर हाताला लागलेलं वळण होतं, परीक्षेत आपसूक कागदावर उतरलं होतं. तिनं ते खोडलंही नव्हतं. तिला त्यात वावगं काही दिसलंच नसणार.

बाईंनी तो पेपर यजमानांपुढे सरकवला. त्यांनी वाचला. ते एरवी कशावरही हसायचे, पण ह्यावर हसले नाहीत. एवढंच म्हणाले, "मग तू येणार कधी?"

आता कोणी म्हणेल, इतकं डोळ्यांसमोर आल्यावर बाईंनी शहाणं व्हायचं. पण जीव अडकलेला असला की माणूस शहाणपणाला भलत्याच वाटेनं नेतो. बाईंना वाटलं, तास कमी पडतायत, तर तास वाढवू. त्यांनी शाळा भरण्याआधी दहावीचा जादा वर्ग सुरू केला. पहिल्या सकाळी झकास झालं. दुसऱ्या सकाळी एक पालक फाटकातच गाठ पडले. नंतर पाहुणे अधिकारी, नंतर पुन्हा टाकी. मुलं झोप मोडून यायची आणि चौकटीसमोर जांभया देत बसायची.

त्याच आठवड्यात छोटे सर ऑफिसच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांच्या सातवी-आठवीचा निकाल ह्या वेळी बराच चढला होता, ते सगळ्या शिक्षकांनी पाहिलं होतं.

"मोठ्या बाई, राग मानू नका. दहावीचे थोडे तास जरी मला दिलेत तर... म्हणजे तुमची दगदग कमी होईल."

"तुम्ही आधी आपल्या आठवीचं बघा," बाई म्हणाल्या.

सरांचा चेहरा पडला. "बरं," म्हणून ते गेले. ते दारापर्यंत पोचायच्या आतच बाईंना कळलं होतं की आपण वाईट बोललो. पण त्यांनी हाक मारली नाही. खरं तर त्यांना सरांचा राग आला नव्हता, भीती वाटली होती. मुलं ह्या पोरसवद्या मास्तराकडून शिकली तर? शिकली आणि त्यांना तो आवडला तर? असले विचार मुख्याध्यापिकेला शोभत नाहीत, हे त्यांना माहीत होतं. तरी ते येत होते.

एके दिवशी बाईंनी दहावीला बागेचं गणित घातलं. एका आयताकृती बागेची लांबी रुंदीपेक्षा सहा मीटरनं जास्त, क्षेत्रफळ चाळीस चौरस मीटर, तर रुंदी किती? "ह्या गणिताची गंमत शेवटी आहे," त्या म्हणाल्या. "दोन उत्तरं येतात. दोन्ही बरोबर निघालेली असतात. पण त्यातलं एक आपल्या हातानं सोडून द्यावं लागतं. कोणतं आणि का, ते..." तेवढ्यात दारात मामा. समीकरण मांडून झालं होतं. बाई म्हणाल्या, "आलेच." चौकट आखली गेली.

दुसऱ्या दिवशी वरच्या ऑफिसात सगळ्या मुख्याध्यापकांची बैठक होती. विषय होता, 'निकाल कसा उंचवावा'. एक गृहस्थ पडद्यावर रंगीत खांब दाखवत होते. बाईंच्या शाळेचा दहावीचा खांब सगळ्यांत बुटका होता. शेजारच्या मुख्याध्यापकांनी तिकडे बघून न बघितल्यासारखं केलं, ते बाईंना जास्त लागलं. बैठक लवकर आटोपली. बाई रिक्षानं परत आल्या आणि ऑफिसात न जाता सवयीनं सरळ व्हरांड्याच्या त्या टोकाकडे चालू लागल्या. दहावीवर बदली म्हणून छोटे सर आहेत, हे त्यांना ठाऊक होतं.

वर्गाजवळ आल्यावर आधी सरांचा आवाज आला. "हे मी पुसत नाही, काळजी करू नका. पूर्णही करत नाही. बाईंनी गंमत शेवटी आहे म्हटलंय ना? मग शोधा की. कोण येतंय?"

मग खडू किंचाळला. ते बरोबरीचं चिन्ह बाईंनी दाराबाहेरून ओळखलं.

त्या खिडकीच्या कडेला उभ्या राहिल्या. कुलूप फळ्यापाशी होती. छोटे सर शेवटच्या बाकावर मुलांत बसले होते, गुडघे बाकाला टेकत होते. तिनं सहाचे दहा आणि चार केले. मागून कोणीतरी म्हणालं, "चिन्ह बघ," तिनं चिन्ह बदललं. वर्ग बाकांवर पुढे झुकून बघत होता. तिनं कंस मांडले, दोन उत्तरं काढली, रुंदी वजा दहा किंवा रुंदी चार. मग एक पाऊल मागे सरकून ती दोन्हींकडे बघत राहिली, मान वाकडी करून.

बाईंना आनंद झाला आणि त्या आनंदाच्या पोटातच कुठेतरी दुखलं. आपण तिथं त्या शेवटच्या बाकावर असायला हवं होतं, असं त्यांना इतकं वाटलं की त्यांचा हात नकळत खिडकीच्या गजावर गेला.

"बाई आल्या!" कोणीतरी ओरडलं.

सगळा वर्ग एकदम खिडकीकडे वळला. चेहरे फुलले. छोटे सर गडबडून उठले आणि बाकाला अडखळले. आणि कुलूपनं खडू खाली ठेवला, हात झटकले आणि ती जागेवर जाऊन बसली.

"अगं, कर की पूर्ण," बाई दारात येऊन म्हणाल्या. "एकच पायरी राहिलीय."

ती उभी राहिली. "आता तुम्ही आलात ना, बाई," ती म्हणाली. किती विश्वासानं म्हणाली! तिला वाटलं, आपण बाईंना हवं तेच बोलतोय.

तेवढ्यात मागून मामा आलेच. "मोठ्या बाई, फोन." बाईंच्या ओठांवर तो नेहमीचा शब्द आला होता. त्यांनी तो गिळला. वर्गाकडे एकदा नीट बघून घेतलं, एकेका बाकावरून नजर फिरवली, आणि त्या वळल्या.

शाळा सुटल्यावर त्यांनी छोट्या सरांना बोलावलं.

"उद्यापासून दहावी तुमची."

सर उभेच होते. "किती दिवस?"

"शेवटपर्यंत. तुमच्या आठवीची सोय मी लावते. आणि त्या दिवशी मी जे बोलले ते मनात ठेवू नका. मला तसं बोलायचं काही कारण नव्हतं."

"तसं काही नाही, मोठ्या बाई. पण मुलं मला घेतील का?"

"नाही घेणार," बाई म्हणाल्या. "मी येत राहीन तोवर तर नाहीच. म्हणून मी येणार नाही. पाच मिनिटंसुद्धा नाही."

हे बोलणं सोपं गेलं, कारण समोर सर होते. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत कुलूप आली, तेव्हा मात्र बाईंची परीक्षा झाली. ती ऑफिसात पहिल्यांदाच येत होती. टेबलावरच्या त्या किल्ल्यांच्या जुडग्याकडे बघत राहिली.

"बाई, गणिताला सर आले आज."

"हो. आता तेच येणार."

"तुम्ही कधी येणार?"

ह्या वर्षात बाईंनी ह्या प्रश्नाला एकच उत्तर दिलं होतं, आणि तेच उत्तर आत्ताही जिभेच्या टोकावर होतं. ते दिलं असतं तर ती हसत गेली असती. पुढच्या परीक्षेत पुन्हा दोन बोटं जागा सोडली असती.

"मी येणार नाही," बाई म्हणाल्या.

"आज?"

"आज नाही, उद्याही नाही. दहावीला मी येणार नाही."

"आमचं काही चुकलं का?"

"तुमचं काही चुकलं नाही. माझं काम बदललंय, ते मी मान्य करत नव्हते. त्यात तुमचं नुकसान झालं."

तिच्या तोंडाला पुन्हा कुलूप लागलेलं बाईंना दिसत होतं, आणि त्याची किल्ली त्या जुडग्यात नव्हती. ती गेल्यावर बाईंनी दार लोटून घेतलं आणि खुर्चीत बसून रडल्या. मग मामा यायच्या आत तोंड धुतलं.

दहावीनं अबोला धरला. व्हरांड्यात समोरून आली की मुलं बूट बघत चालायची. छोट्या सरांचे सुरुवातीचे दिवस वाईट गेले. वर्ग त्यांना प्रत्येक पायरीला अडवायचा, "बाई असं करायच्या नाहीत." भूगोलाच्या मॅडम एकदा म्हणाल्या, "मोठ्या बाई, तुम्ही नुसत्या एकदा वर्गावर जाऊन समजावलंत तर पोरं वठणीवर येतील." बाई म्हणाल्या, "तेच तर करायचं नाही." आणि टेबलाखाली त्यांनी आपलाच हात घट्ट धरून ठेवला होता.

एक गोष्ट मात्र त्यांनी केली. मामांना बजावलं, दहावीचं गणित चालू असताना त्या व्हरांड्यात कोणीही पाऊल टाकायचं नाही. पालक आले, अधिकारी आले, टाकी फुटली, तरी नाही. सरांना हाक मारायची नाही. "आणि वरच्या ऑफिसचा फोन आला तर?" "मला द्या. मी सांभाळते." आश्चर्य म्हणजे सगळं सांभाळता आलं. स्वतःसाठी जो तास त्यांना कधी राखता आला नव्हता, तो दुसऱ्यासाठी राखता आला. त्या तासाला बाई व्हरांड्याच्या अलीकडच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसायच्या, फाइली तिथंच बघायच्या. येणाऱ्याला तिथूनच वळवायच्या. कधी त्या टोकाकडून वर्ग हसल्याचा आवाज यायचा. कशावर हसले असतील? बाईंना जिवाच्या आकांतानं ते जाणून घ्यावंसं वाटायचं. त्या पुढच्या फाइलीवर सही करायच्या. शाळेची फेरी मारताना बाई त्या वर्गासमोरून जायच्याच नाहीत, मागच्या जिन्यानं वर चढायच्या. गुडघे दुखायचे, तरी.

हळूहळू 'बाई असं करायच्या नाहीत' ऐकू येईनासं झालं. छोट्या सरांनी ते येऊन आनंदानं सांगितलं. बाई म्हणाल्या, "छान झालं." घरी आल्यावर त्यांनी यजमानांना तेच सांगितलं आणि ताटावरून अर्ध्यातच उठल्या. यजमानांनी ताट झाकून ठेवलं.

शेवटची परीक्षा झाली, सुट्टी लागली, आणि मग निकाल आला. दहावीचा गणिताचा निकाल गेल्या कित्येक वर्षांत लागला नव्हता असा लागला. काठावरची सगळी पोरं पार झाली होती आणि कुलूप वर्गात दुसरी आली होती. वरच्या ऑफिसातून अभिनंदनाचा फोन आला. "मोठ्या बाई, जादूची कांडी फिरवलीत की!" बाईंनी छोट्या सरांचं नाव सांगितलं. पलीकडे त्यांनी ते लिहून घेतलं की नाही, कळलं नाही.

दुपारी मुलं शाळेत आली. बाईंना ऑफिसच्या खिडकीतून दिसत होतं. सगळी मैदानात छोट्या सरांभोवती गोळा झाली, कोणी त्यांचा हात धरून हलवत होतं, कुलूप काहीतरी भराभरा बोलत होती, हातवारे करून, आणि सर हसत होते. बाईंनी टेबल आवरलं. किल्ल्या खणात टाकल्या. केस नीट केले. मग उगाच पुन्हा एकदा टेबल आवरलं.

मुलं आली. दारात क्षणभर ढकलाढकली झाली आणि मग कुलूप पुढे झाली.

"येऊ का, मोठ्या बाई?"

तिनं ते अदबीनं म्हटलं होतं, मुख्याध्यापिकेला म्हणायचं तसं. बाकीचीही रांगेत उभी राहिली. "निकाल चांगला लागला, मोठ्या बाई." "सरांनी खूप घेतलं, मोठ्या बाई." बाईंनी सगळ्यांची विचारपूस केली, कोण पुढं काय शिकणार ते विचारलं, पाठीवर हात ठेवले. कोणाच्या मनात राग उरला नव्हता. मुलं मोकळी झाली होती, आणि आता त्यांना निघायची घाई होती. ती गेली तेव्हा बाईंच्या कानात ते दोन शब्द राहिले होते. इतक्या दिवसांत सगळी शाळा त्यांना तेच म्हणत आली होती, आणि आजवर ते कधी टोचले नव्हते.

मैदान रिकामं झाल्यावर बाई उठल्या आणि पुढच्या व्हरांड्यानं चालत त्या टोकाला गेल्या. आता तिथं जायला हरकत नव्हती.

वर्गात बाक एकावर एक रचून ठेवले होते. फळा स्वच्छ होता, फक्त उजव्या कोपऱ्यात चौकट होती. 'पुसू नये'. आत बागेचं गणित. बाईंना आधी वाटलं आपल्याला भास झाला. सरांनी उभं सत्र उरलेल्या फळ्यावर शिकवलं होतं तर. त्या जवळ गेल्या. अक्षर त्यांचं होतं आणि नव्हतंही. खडू पुसट होत गेला तसं मुलांनी त्यावरून पुन्हा पुन्हा गिरवलं होतं, आज एकानं, उद्या दुसऱ्यानं. बाईंचा सहा आता कोणा भलत्याच मुलाचा सहा झाला होता. खाली कुलूपची दोन उत्तरं, वजा दहा आणि चार, तीही गिरवलेली. त्याखालची जागा रिकामी. हे गणित आता त्यांतल्या प्रत्येकाला येत होतं. तरी कोणी ते पूर्ण केलं नव्हतं.

बाईंनी त्या जागेवर हात ठेवला आणि त्यांना हुंदका आवरला नाही.

मामा बादली आणि ओलं फडकं घेऊन दारात आले. नव्या दहावीसाठी फळे धुवायचे होते. त्यांनी चौकट बघितली, बाईंकडे बघितलं. "हे राहू देऊ का, मोठ्या बाई?"

"एक मिनिट," बाई म्हणाल्या.

त्यांनी खडू उचलला. वजा दहावर आडवी रेघ मारली. चार तसाच ठेवला आणि खाली लिहिलं, 'म्हणून बागेची रुंदी चार मीटर.' अक्षर नीट आलं. त्यांनी खडू जागेवर ठेवला, हात झटकले आणि बाजूला झाल्या.

"आता पुसा," त्या म्हणाल्या.